बॉनेटची डावी बाजू

बार्शी स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा कंडक्टरने माझ्याआधी माझ्या गोणपाटाकडे पाहिलं.

"काय आहे त्यात?"

"पत्रा आहे. टँकरच्या बॉनेटचा. उजव्या बाजूचा."

"बरं. उरलेला टँकर मागच्या गाडीनं येतोय का?"

गाडीतली माणसं हसली. मीही हसले, पण गोणपाट सोडलं नाही. लगेजचं तिकीट घेतलं आणि पत्रा पायांशी आडवा ठेवून बसले. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण अशी गावं मागे पडत गेली. प्रत्येक गतिरोधकाला तो पत्रा माझ्या नडगीवर आपटत होता.

आमच्या शाळेच्या मैदानात एक जुना टँकर उभा आहे. गाव त्याला 'गोऱ्याचा टँकर' म्हणतं. माझे वडील, अण्णा, तरुणपणी त्यावर क्लीनर होते. आता तिथे व्यायामाची साधनं बसवायची म्हणून टँकर भंगारात काढायचं ठरत होतं. मागच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि चाचरत म्हणाले, की ही गाडी इंग्रजांच्या लष्कराची असू शकते, ती मोडू नये. सरपंच म्हणाले, "तू कॉलेजला जातीस, चांगलं हाय. पुण्याच्या जाणकार माणसाचा कागद आण. मग बघू." पुढची सभा आठ दिवसांवर होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे कागद आणायचा तर मीच. इतिहासाच्या सरांनी शनिवार पेठेतल्या लिमये काकांचा पत्ता दिला. त्यांना दाखवायला म्हणून बॉनेटचा उजवा पत्रा सोडवून घेतला. पुण्याला एकटी मी पहिल्यांदाच निघाले होते.

रात्री दत्तवाडीत मैत्रिणीच्या खोलीवर मुक्काम केला. सकाळी आठला काकांच्या दारात उभी राहिले.

लिमये काका बँकेतून निवृत्त झालेले. अंगाने किडकिडीत, आवाज खणखणीत. जुन्या लष्करी गाड्या ओळखायच्या आणि आहेत तशा जपायच्या, हा त्यांचा आणि त्यांच्या चार मित्रांचा छंद. त्यांनी मला पोहे दिले आणि मगच गोणपाट सोडायला सांगितलं. पत्रा बाहेर आला. निम्म्या भागावर जुन्या रंगाचे पापुद्रे होते, उरलेला निम्मा भाग आरशासारखा चमकत होता. शहरातल्या माणसापुढे मळकी वस्तू कशी न्यायची, म्हणून मी वेल्डिंगवाल्याकडून ड्रिल मशीन आणून त्याला तारेचा ब्रश लावला होता आणि तासभर घासत बसले होते. निम्मा पत्रा झाला आणि वीज गेली.

"हे आपण केलंत?" काकांनी विचारलं.

"हो. स्वच्छ केलं."

"छान. आता वेळ मिळाला की शिवनेरीवर जा. तटबंदी फार काळवंडली आहे."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मग त्यांनी माझ्या मोबाईलवरचे टँकरचे फोटो मोठे करून पाहिले. चाकं, टाकी, टाकीखालचा सांगाडा.

"गावात काय म्हणतात? टाकी नंतर बसवली?"

"हो. पंचायतीनं बसवली म्हणतात."

"मला नाही वाटत. ही गाडी जन्मापासून पाण्याचीच असावी. पण मला वाटतं ते मी कागदावर लिहून देत नाही. चला, आधी एकदा डोळ्यांनी बघून घ्या."

त्यांच्या जुन्या स्कूटरवर आम्ही खडकवासल्याकडे निघालो. पुढे काका, मागे मी आणि मध्ये पत्रा. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत एक रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, "काका, दरवाजा घरीच ठेवायचा ना!" काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. धरणाच्या काठी थांबून आम्ही कांदाभजी खाल्ली. पाणी खूप खाली गेलं होतं, तरी आमच्याकडच्या तलावांच्या मानाने मला तो समुद्रच वाटला. पलीकडे लष्करी अकादमीचा घुमट दिसत होता.

तिथून आतल्या रस्त्याला काकांच्या मित्राचं शेत आहे. शेतात पत्र्याची लांबलचक शेड. काकांनी दार सरकवलं, उजेड आत गेला आणि मी उंबऱ्यावरच थांबले.

सहा गाड्या ओळीने उभ्या होत्या. रुग्णवाहिका, ट्रक, तोफ ओढणारी गाडी. चपट्या नाकाच्या, गोल दिव्यांच्या, कमरेइतक्या उंच चाकांच्या. तेल, रबर आणि जुन्या ताडपत्रीचा वास येत होता. देवळात शिरल्यावर आवाज आपोआप खाली जातो, तसा माझा गेला. काकांनी एका बोल्टच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथे चिमणीच्या पावलासारखी तीन रेघांची बारीक खूण कोरलेली होती.

"हा बाण. इंग्रज सरकारची मालमत्ता असल्याची खूण. स्क्रूपासून टाकीपर्यंत सगळीकडे सापडते."

मी ती बोटाने चाचपली. कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी ठोकलेली खूण माझ्या बोटाखाली होती. पाठ्यपुस्तकातलं दुसरं महायुद्ध मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्याला वजन असतं, ते थंडगार लागतं, हे मला माहीत नव्हतं.

मग काकांनी पुढून लोखंडी हँडल घातलं आणि सत्तरीतल्या त्या माणसाने दोन झटक्यांत ट्रक सुरू केला. शेडचे पत्रे थरथरले. माझ्या छातीत तो आवाज घुमला. डोळ्यांत पाणी का आलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्या ट्रकच्या बॉनेटवर पांढऱ्या रंगात एक अक्षर आणि पुढे आकडे होते. काकांनी समजावलं, "लष्करात प्रत्येक गाडीला असा नंबर असे. पहिलं अक्षर गाडी कोणत्या वर्गातली ते सांगतं. तुमचा टँकर मला वाटतो तोच असेल, तर अक्षर झेड हवं. नंबर अक्षरासकट मिळाला, तर मी कागद देतो. चला लतीफकडे."

लतीफचाचांचं दुकान कसबा पेठेत, एका शटरच्या खोलीत. तीन पिढ्या पत्र्याचं काम. शेजारच्या गल्लीतून तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज येत होता. चाचांनी पत्रा मांडीवर घेतला. यंत्र नाही, ब्रश नाही. वॉटर पेपरचा (पाणी लावून घासायचा बारीक कागद) तळहाताएवढा तुकडा आणि एक तांब्या पाणी.

"बेटा, घाई नाही करायची," ते म्हणाले. "एक एक रंग विचारून काढायचा. तू जातोस का, असं."

ते गोल गोल घासू लागले. लाल गेला, पोपटी आला. पोपटी गेला, निळा आला.

"किती रंग हे!" काका म्हणाले.

मी सांगितलं, "दर दसऱ्याला टँकरची पूजा असते. सरपंच बदलला की रंग बदलतो."

"पोपटी कुणाचा?"

"आत्ताच्या सरपंचांच्या मेहुण्यांचा."

"वाटलंच," चाचा म्हणाले. "अंगाला सोडत नाही."

काका पहिल्यांदाच हसले. मीही हसले, तसे ते म्हणाले, "हसताय काय, या सरपंचांनीच वाचवलंय सगळं. इतके थर नसते, तर खालचं केव्हाच गंजून गेलं असतं."

निळ्याखाली मातकट हिरवा रंग आला आणि त्या हिरव्यात हळूहळू पांढरं काही उगवू लागलं. आठ. मग चार. मग सात, आणि त्यापुढचे आकडे. आम्ही तिघं वाकून बघत होतो. चाचांचा हात आकड्यांच्या आधीच्या जागेकडे, अक्षराकडे सरकला आणि थांबला. तिथून माझी चकचकीत बाजू सुरू होत होती.

मला जमिनीत जावंसं वाटलं.

"मी पुसलं," मी म्हणाले.

काकांनी या वेळी टोमणा मारला नाही. ते फक्त म्हणाले, "नंबर दोन्ही बाजूंना असतो. डावी बाजू आहे ना गावात?"

डावी बाजू! निघताना मी अण्णांना सांगितलं होतं, "ड्रिल मशीन दोन दिवस आपल्याकडेच आहे. मी येईपर्यंत डावी बाजूही अशीच चमकवून ठेवा. सभेत चांगली दिसेल."

अण्णांचा फोन बंद. शेजारच्या मालनकाकूंना लावला.

"अगं, ते तर सकाळीच मशीन घिऊन शाळंकडं गेले. झालं आसंल की आतापत्तुर."

"काकू, कुणाला तरी पाठवा. म्हणावं हात लावू नका!"

"धाडते, धाडते. काय झालं गं?"

मी फोन ठेवला. चाचांनी वॉटर पेपरची गुंडाळी माझ्या हातात ठेवली. काकांनी मला स्कूटरवरून स्वारगेटला सोडलं आणि दीडची गाडी मिळाली. परतीच्या पाच तासांत मी खिडकीबाहेर काय पाहिलं, ते लिहायचं म्हटलं तर काहीच आठवत नाही.

बार्शीहून धरलेली जीप गावात थांबली तेव्हा दिवस मावळायला आला होता. मी पत्रा घेऊन तशीच शाळेकडे पळत गेले. अण्णा टँकरच्या पायरीवर बसले होते. मशीन बाजूला पडलेलं होतं.

"अण्णा, निरोप मिळाला?"

"कसला निरोप?"

मी डावीकडे गेले. सगळं बॉनेट लालच होतं. फक्त पुढच्या टोकाला हातभर जागा खरवडलेली होती. तिथे हिरवा रंग होता आणि हिरव्यात एक पांढरी आडवी रेघ, तिच्यातून खाली आलेली तिरकी, आणि परत एक आडवी. झेड.

"तुम्ही थांबलात कसे?"

"खालनं लिवलेलं निघालं," अण्णा म्हणाले. ते चौथीपर्यंत शिकलेत. "मला काय इंग्रजी वाचता येतंय? पण कुणीतरी हातानं लिवलेलं हाय. वाचल्याबिगर पुसायचं व्हय?"

उजेड होता तेवढ्यात आम्ही कामाला बसलो. अण्णांनी पाणी ओतलं, मी चाचांसारखं गोल गोल घासलं. आठ, चार, सात आणि पुढचे सगळे आकडे उजव्या बाजूशी जुळले. फोटो पाठवताच काकांचं उत्तर आलं: "कागद उद्या टपालात टाकतो. तो ब्रश विहिरीत टाकावा."

सभेत सरपंचांनी कागद मोठ्याने वाचला आणि विक्रीचा विषय रद्द केला. मी उभी राहून निम्म्या पत्र्याचंही सांगितलं. त्यावर कुणी रागावलं नाही, हे मला जास्त लागलं. अण्णांनी एवढंच विचारलं, "कागदात काय म्हणलंय?"

"की ही पहिल्यापासून पाण्याचीच गाडी आहे. सैनिकांना पाणी पाजायची."

त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

पुण्याला मी कागद आणायला गेले होते. आता शेड आठवते, चाचांचा तळहात आठवतो, आणि एवढं शिकून आपल्याला अजून किती थोडं दिसतं, हे कळतं. उजवा पत्रा परत जागेवर बसवला आहे. चाचांनी सांगितल्याप्रमाणे त्याला रंग दिलेला नाही. माझ्या चकचकीत भागावर गंज लवकर धरतो, म्हणून दर रविवारी त्याला तेलाचा हात द्यावा लागतो. ते काम मी कुणाला देत नाही.