बंद केलेल्या गोळ्या

नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या गेटपाशी माझा पाय घसरला. हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "चाळिशीत एवढ्याशा पडण्यानं मोडायला नको होतं. हाडांची तपासणी करून घ्या."

कारण मला माहीत होतं. जन्माला मी मुलगा म्हणून आले. पंचविशीत ऑपरेशन झालं, तेव्हापासून बाईचे हार्मोन्स गोळ्यांतून. "आता तुझं शरीर हार्मोन्स बनवणार नाही. गोळ्या सोडल्यास तर हाडं ठिसूळ होतील," असं माझ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पुढे त्या शहर सोडून गेल्या. नव्या डॉक्टरपुढे सगळं पहिल्यापासून सांगायचं माझ्या जिवावर आलं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तीन वर्षं गेली.

मदतीला कळवणहून ताई आली. घरात मला सगळ्यांत आधी बहीण म्हणाली ती हीच. पण गोळ्या बंद केल्याचं तिलाही ठाऊक नव्हतं.

तपासणीच्या ठिकाणी काउंटरवरच्या बाईंनी माझी जुनी फाइल चाळली आणि मोठ्यानं विचारलं, "यात नाव पुरुषाचं आहे. फॉर्मवर काय लिहू?"

मागच्या बाकांवरचं बोलणं एकदम थांबलं.

"स्त्री लिहा," ताई म्हणाली. "बाकीचं ती आत डॉक्टरांना सांगेल."

आत सांगावंच लागलं, तिच्यादेखत. "म्हणजे तीन वर्षं काहीच घेतलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं. मी मान हलवली. ताई खिडकीकडे बघत राहिली.

रिपोर्टसाठी बाहेर बसलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "एक फोन करता आला नाही तुला?"

"लाज वाटली."

"कोणाची? माझी?"

रिपोर्ट तासाभरानं आला.

मणका आणि खुबा, दोन्ही ठिकाणी हाडं बरीच विरळ झाली होती. डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी दिलं, रोज चालायला सांगितलं. "झालेली झीज पूर्ण भरून येईलच असं नाही, पण इथून पुढची थांबवू," म्हणाले.

मेडिकलवर ताई माझ्यापुढे झाली आणि चिठ्ठी तिनंच दिली. रिक्षात बसल्यावर मात्र पदर तोंडाला लावून रडली. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण घर येईपर्यंत माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.