बाईंच्या यादीतलं तिसरं नाव

वाशीममध्ये मला ज्यांनी ठेवून घेतलं त्या आमच्या बाई. आणि सरकारी इमारतीच्या कामासाठी निवडलं न जाण्यात त्यांचा हात धरील असं माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडायचं नाही. मी मूळचा कोकणातला, सुताराघरचा. नववीत शाळा सोडली, एका ठेकेदाराबरोबर फर्निचरच्या कामाला इतक्या लांब आलो, आणि काम अर्धवट टाकून ठेकेदार निघून गेला तेव्हा मागे राहिलो. त्या अर्धवट कपाटासमोर मी बसलेला असताना बाई आल्या. त्यांनी माझं नाव-गाव विचारलं नाही. कपाटाचं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, "पुठ्ठ्याचा जिना बनवशील का रे?" तेव्हापासून मी त्यांच्याकडे इमारतींची मॉडेलं बनवतो, आणि कधी हाकलतील या काळजीत असतो.

बाई आर्किटेक्ट आहेत. गाव मात्र त्यांना इंजिनेर बाई म्हणतं. आर्किटेक्ट म्हटलं की लोक विचारतात, मंग नकाशा कोण काढते? म्हणून बाईंनी तो नाद सोडला. त्या इमारतींशी बोलतात, तेही भर रस्त्यात, धाकट्या जावेशी बोलावं तशा. एकदा एका नव्या कचेरीपुढे थांबून त्यांनी विचारलं, "काहून वं, अशी रस्त्याकडं पाठ करून बसली?" इमारत काय बोलणार? पण मागच्या भिंतीशी मेथीच्या जुड्या मांडून बसलेली भाजीवाली म्हणाली, "सावली इकडंच हाये ना, बाई." बाईंनी मेथी घेतली आणि वाटभर मला ऐकवत राहिल्या की आर्किटेक्ट कोण नेमायचा हे आधी हिला विचारायला पाहिजे होतं. दुसऱ्यांदा असंच बसस्टँडवर. मॉडेल मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि कंडक्टर सामानाचं भाडं मागायला लागला, तर म्हणाल्या, लेकरू आहे, अर्धं तिकीट फाड. मला त्या गर्दीत जमिनीत शिरावंसं वाटलं.

सरकारी इमारत मात्र त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. नियमच तसा. सरकारी काम मिळायला आधी सरकारी काम केलेलं पाहिजे. बाई म्हणायच्या, म्हणजे लग्न जमायला आधी एक लग्न झालेलं पाहिजे. तरी प्रत्येक वेळी अर्ज करायच्या, आणि प्रत्येक वेळी पहिल्याच चाळणीत गळायच्या.

यंदा तो नियम सैल झाला. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाजूला सरकारी प्रसूतिगृह बांधायचं निघालं, आणि आर्किटेक्टांच्या लहान कचेऱ्यांनीही आराखडे मांडावेत असं जाहीर झालं. बाईंचं वय पाहता अशी संधी पुन्हा येणं कठीण होतं. त्या तसं बोलल्या नाहीत, पण चहात साखर टाकायला विसरू लागल्या आणि तसाच पिऊ लागल्या. आराखड्यात त्यांचा सगळा जीव एका ओट्यात होता. बाळंतिणीबरोबर आलेल्या माणसांना बसायला रुंद, सावलीचा ओटा. "आतली बाई दवाखान्याची, मंग भायेरची माणसं कोणाची?" असं त्या मलाच विचारायच्या, जसं काही मीच त्यांना उन्हात बसवलं होतं. तो ओटा मी इतक्या वेळा मोडून बांधला की झोपेतही पुठ्ठा कापत असेन.

अशा निवडीत नकाशाला गुण असतात, अनुभवाला असतात, आणि कचेरीत कोण कोण आहे त्यालाही असतात. बाईंनी यादीत स्वतःचं नाव लिहिलं, खांब-बीमचा हिशेब करणारे त्यांचे एक जुने मित्र लिहिले, आणि तिसरं माझं. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं, नववी. अशा वेळी लोक ओळखीच्या कुण्या इंजिनिअरची पदवी उसनी आणून लावतात. तो माणूस त्या कचेरीची पायरीही चढलेला नसतो. हे मी ऐकून होतो, म्हणून म्हटलं, बाई, मला वगळा. त्यांनी ऐकलं नाही.

समितीपुढे मी मॉडेल धरून उभा होतो. मुख्य साहेब यादी वाचता वाचता थांबले. "नववी?" म्हणाले. टेबलाच्या टोकाला कुणीतरी हसलं. हात गुंतलेले, तोंड लपवायला जागा नाही, मग मी पुठ्ठ्याच्या ओट्याकडेच बघत राहिलो. साहेब माणूस वाईट नव्हते. हळूच म्हणाले, संध्याकाळपर्यंत दुरुस्ती चालेल, या नावाऐवजी एखादा पदवीवाला लावा, गुण वाढतील.

बाई म्हणाल्या, "साहेब, हा जिना यानं केला. उद्या जिना चुकला त मी कोणाले बोलावू? त्या कागदाले?"

बाहेर आल्यावर मी पुन्हा विनवलं की अजून वेळ आहे, माझं नाव काढा. मला रडू येत होतं.

"तू काम करून राह्यला का नाही? मंग नाव कायले काढू?" एवढं म्हणून त्यांनी चप्पल घातली.

आम्ही दुसरे आलो. नकाशात पुढे होतो, माणसांच्या रकान्यात मागे पडलो. काम पुण्याच्या एका मोठ्या कचेरीला मिळालं. निकालाच्या दिवशी बाईंनी मला मॉडेल उचलायला लावलं आणि पुण्याची ती तरुण मुलं गाडीत बसत होती, तिथे नेलं. "बाकी तुमचं तुमी करा. ओटा तेवढा ठेवजा," म्हणाल्या. मुलं गोंधळली, पण मॉडेल घेतलं. एकानं ते नीट धरलंही. ओटा होईल की नाही, कोण जाणे.

त्यानंतर बाई याबद्दल चकार शब्द बोललेल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. आता मालेगावच्या रस्त्याला ती जागा आली की त्या एसटीच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघतात. आई फोनवर विचारते, बाईंचं काम झालं का? मी म्हणतो, होतंय. बाईंना त्या रकान्याची लाज वाटली नाही, म्हणून ती सगळी माझ्याच वाट्याला आली आहे.

मी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. बीजगणित डोक्यात शिरत नाही, आणि नापास झालो तर काय, ही धास्ती आहेच. पास झालो तर आयटीआयला ड्राफ्ट्समनचं शिकेन. बाई, तुम्ही हे वाचाल की नाही ठाऊक नाही. पण कधीतरी तुम्ही पुन्हा अशी यादी लिहायला बसाल, तेव्हा माझ्या नावापुढे दुसरं काहीतरी लिहावं लागेल. एवढं मी करीन.