मोटारीच्या टाकीसाठी घागर

महिपतला पोलादपुरात सगळे चक्रम म्हणत, आणि मी, शाळेतला मास्तर, त्यात सगळ्यांच्या पुढे. मुंबईत एका शेटच्या मोटारी धुता धुता तो ड्रायव्हर झाला होता. शेटने शर्यतीची एक जुनी, दोनच जागांची मोटार भंगारात काढली, ती या गृहस्थाने बक्षीस म्हणून मागून घेतली आणि पुण्यावरून वरंध्याच्या घाटाने घरी आणायला निघाला. घाटात दगड लागून खालची टाकी फाटली. सन बत्तीसच्या उन्हाळ्यात ती मोटार बैलांमागून गावात शिरली, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

तसली टाकी आता कुठे मिळणार नव्हती. महिनाभर महिपत लोकांची भांडी न्याहाळत हिंडला. रॉकेलचा डबा फुकट मिळत होता, पण खड्ड्यांत त्याचे सांधे उलतात, आणि तापल्या इंजिनावर पेट्रोल गळलं तर सगळं पेटायचं. तांबट म्हणाला, तांब्याची घागर आण, बुडाला डाग देऊन नळी बसवतो. काचेपुढे उंच बांधलीस की पेट्रोल आपोआप उतरेल. महिपतला ते पटलं. पण त्या खेळण्यासाठी चांगली घागर देणार कोण?

मग शेजारच्या ठमाबाईची नात, पाच वर्षांची साळू, घशाने आजारी पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला श्वास घेववेना. बाप मुंबईला गिरणीत. घटसर्पावरची सुई महाडला, अकरा मैलांवर. उतारूंची सर्व्हिस मोटार सकाळीच गेलेली, आणि बैलगाडीला चार तास लागणार.

ठमाबाईने भरली घागर अंगणात ओतली आणि धावत आणून महिपतच्या हातात दिली. आत मूठभर तांदूळ होते. दुसऱ्याला रिकामं भांडं देऊ नये, एवढ्या आकांतातही तिने रीत पाळली होती. महिपतने घागर उपडी करून तांदूळ झाडले आणि तांबटाकडे पळाला. मी म्हटलं, अरे, एवढ्या वाटेपुरता डबाच बांध. मोटारीत पोर असताना आगीशी खेळ नको, म्हणाला. बोलणं बरोबरच होतं.

डाग बसला, पेट्रोल ओतलं, साळूला घेऊन तिची आई आवडी शेजारी बसली. तीन मैल मोटार झकास पळाली आणि खोकून बंद पडली. महिपतने नळी सोडून तोंडाने ओढली, तर जिभेवर तांदळाचा दाणा आला. घागर आतून ओली होती; गळ्याखाली चिकटलेले दाणे आता हादऱ्यांनी एकेक सुटत होते. ती रिकामी करावी तर पेट्रोल धरायला दुसरं भांडं नव्हतं. दर अर्ध्या-पाऊण मैलाला मोटार थांबे, तो नळी चोखे, दाणा खिशात टाकी, पुन्हा हँडल मारी. आवडीची नजर पोरीवरून हलत नव्हती. "चल रे दादा, चल," एवढंच ती म्हणत होती.

महाड दीड मैलावर असताना मोटार पुन्हा थांबली. या वेळी आवडी काही बोलली नाही. महिपतने वळून पाहिलं. साळूची मान आईच्या दंडावरून कलंडली होती.

गावात त्याने एवढंच सांगितलं की मोटार खराब होती, टाकी नीट बसली नव्हती, चूक माझी. ठमाबाई त्याच्या दारात उभी राहून तळतळली. पुढे सहा वर्षं तो समोर दिसला की ती थुंकायची. गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. मीही चारचौघांत त्याला पोर मारणारा म्हटलं, ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मोटार त्याने भंगारात दिली आणि लोकांच्या शेतावर मजुरीला जाऊ लागला.

ठमाबाई गेली. तिच्या दहाव्याला नदीवर तो एकटाच लांब बसला होता. काय वाटलं कोण जाणे, मी त्याच्याजवळ गेलो, आणि त्याने मला दाण्यांचं सांगितलं. मी संतापलो. एक शब्द बोलला असतास तर सहा वर्षं वाचली असती, म्हटलं.

"नात तर गेलीच व्हती तिची, मास्तर," महिपत म्हणाला. "ती तुझ्याच मुठीनं गेली, ह्ये म्हातारीला सांगून मी सुखानं जेवलो असतो काय?"