सगळ्यात उंच छत

बारावीपर्यंत गणितात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं, म्हणून बी.एस्सी.ला तोच विषय घेतला. पिरंगुटहून पुण्यातल्या कॉलेजला जायची बस भरूनच यायची, चांदणी चौकापर्यंत उभंच राहावं लागे. पहिल्याच वर्षी कळलं की इथे उत्तर काढायचं नसतं. उत्तर आधीच दिलेलं असतं, ते खरं का आहे हे सांगायचं असतं. शाळेत पानंच्या पानं सोडवणारी मी एकेका ओळीपाशी दिवस घालवू लागले.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी एक प्रमेय घरून करून आणायला सांगितलं. न तुटता जाणारी रेघ ठरावीक दोन टोकांमध्ये, टोकंसुद्धा धरून, काढली, तर तिच्यावर कुठेतरी छत असतं. ती त्याच्या वर जात नाही. एवढंच सिद्ध करायचं होतं. भूगावच्या माझ्या मैत्रिणीनं ते नेटवरून उतरवलं. मला स्वतः करायचं होतं. आठवडाभर बसमध्ये, कपडे वाळत घालताना, जेवताना तेच डोक्यात. शेवटी जमलं. प्रत्येक बिंदूभोवतीचा छोटा तुकडा घ्यायचा, त्या तुकड्यापुरतं छत असतंच. मग सगळ्या छतांतलं सगळ्यात उंच निवडायचं.

मॅडमनी उभ्या उभ्याच वाचलं.

"असे तुकडे किती?" त्यांनी विचारलं.

"अनंत."

"एक, दोन, तीन, चार... यातली सगळ्यात मोठी संख्या कोणती?"

मी कागदावरची शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"मग सगळ्यात उंच छत कुठून आणलंस?"

त्या रागावल्या नव्हत्या. कागद परत देऊन पुढच्या तासाला निघून गेल्या.

घरी आले तेव्हा वडील कारखान्यातून नुकतेच येऊन भिंतीला टेकले होते. तोंड का उतरलंय म्हणून त्यांनी विचारलं, तर मी सगळं सांगितलं. ते मन लावून ऐकत होते.

"समदंच चुकलं का?"

"न्हाई, एकाच जागी."

"मंग तेवढंच नीट कर की."

"तेवढंच तर अवघड हाय, पप्पा."

त्यांनी मान हलवली आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. मीही दप्तर न उघडता शेजारच्या चटईवर आडवी झाले.

ती जागा मला स्वतःहून भरता आलीच नाही. त्या अनंत तुकड्यांतले मोजकेच सगळी रेघ झाकायला पुरतात आणि मोजक्यांतलं सगळ्यात उंच छत निवडता येतं, हे पुस्तकात वाचलं, तेही पुन्हा पुन्हा वाचल्यावर उमगलं. तसं लिहून नेल्यावर मॅडमनी बरोबरची खूण केली आणि फळ्यावर पुढचं प्रमेय लिहिलं. मैत्रीण वर्षाअखेरीस कॉम्प्युटरकडे गेली. मी राहिले. हिंमत होती म्हणून नव्हे, नवं काही सुरू करायचं त्राण नव्हतं.

आता मी भूगावच्या एका क्लासमध्ये बारावीला शिकवते. परवा एका मुलीनं विचारलं, पुढे गणित घेतलं तर फार अवघड जातं का.

"दमायला होतं," मी म्हणाले.

तिला आणखी काही ऐकायचं होतं. पण तेवढ्यात पुढची बॅच दारात आली.