दारव्ह्याच्या लाइनीवरचा श्वास

आधी कप खाली ठेवा बरं. नाही, ठेवाच! मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाच्या धोतरावर चहा सांडला होता. तो हसला म्हणून सांडला की दचकला म्हणून, हे त्यालाही सांगता आलं नाही.

तर, मी एकदा भुताला घाबरलो. झालं, सांगून टाकलं!

त्यात काय मोठंसं, म्हणाल. सगळेच घाबरतात. पण राजेहो, मी कोण होतो? आमच्या घरी धम्मदीक्षा घेऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बापानं घरातले ताईत, अंगारे, गंडेदोरे सगळे नेऊन नदीत सोडले होते. आणि मी मॅट्रिक पास, वस्तीतला पहिला सरकारी नोकर! पौर्णिमेला वस्तीत सभा भरायची आणि मी बाजेवर उभा राहून ओरडायचो, "भूत कुठंच नसते! भूत म्हणजे भित्र्या मनाचा खेळ!" टाळ्या अशा पडायच्या की खालची बाज हलायची. आणि अशा माणसानं भुताला घाबरायचं? तेही भर दुपारी?

नोकरी होती टेलिफोन ऑपरेटरची. पुसदकडचं एक गाव. नाव नाही सांगत, तिथं अजून सोयरे आहेत. पोस्टाच्या मागच्या खोलीत एक लाकडी बोर्ड, त्यात भोकंच भोकं. गावात फोन मोजकेच: जिनिंगवाले, कापसाचे व्यापारी, डॉक्टर, तहसील कचेरी. कुणी फोन केला की बोर्डावर त्याच्या नंबरची झडप पडायची. आपण त्याच्या भोकात कॉर्ड खुपसायची, "नंबर प्लीज" म्हणायचं, आणि कॉर्डचं दुसरं टोक तो सांगेल त्या भोकात. एका कानावर ऐकायची डबी, छातीवर पट्ट्यानं बांधलेला बोलायचा भोंगा, अगदी हनुवटीखाली. तो सगळा साज चढवला की मी आरशात बघायचो. बैलपोळ्याच्या बैलाला काय वाटत असेल, ते मला कळायचं!

आणि मग मी ती चूक केली.

गावात कापसाचे दोन शेठजी होते. दोघांचं आपसात बोलणं बंद. एकानं यवतमाळच्या दलालाला कॉल मागितला, मी तो जोडला दुसऱ्या शेठजींच्या घरी! पहिल्यानं उद्याचा भाव, गाड्या, सगळं गुपित सांगून टाकलं. दुसऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "लई उपकार झाले!"

पोस्टमास्तर साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे भारी देह, नागपूरकडचे, दम्यानं बेजार. बोलायच्या आधी त्यांची छाती वाजायची. म्हणाले, "गणवीर, अशी चूक पुन्हा झाली तर नोकरीत कायम होणं विसरा."

बस! एवढंच बोलले. ते बोलून विसरलेही. मी मात्र ते वाक्य घरी घेऊन आलो, उशाशी घेऊन झोपलो, सकाळी पुन्हा पोस्टात घेऊन गेलो.

त्यात माझ्या जोडीचा दुसरा ऑपरेटर बायकोच्या बाळंतपणासाठी रजेवर गेला. दिवसभर बोर्डावर मी एकटा. झडप पडली की पोटात खड्डा पडायचा. डोळ्याची पापणी उडायची. डबा उघडायला भीती वाटायची, घास तोंडात असताना कॉल आला तर? भुकेच्या जागी चहा, आणि चहावर चहा. घरी सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, चुलीपासून हाक मारली, "अवो, आयकलं का?" की माझ्या तोंडून निघायचं, "नंबर प्लीज!"

"हे काय होऊन राह्यलं तुमाले?" ती म्हणायची. "डबा जसाच्या तसा वापस येते. हापिसात कोनी काही म्हन्लं का?"

"काही नाही!" मी खेकसायचो.

काय सांगणार? सगळी वस्ती माझ्याकडं बघत होती. बाप बाजारात ओळख नसलेल्या माणसालाही थांबवून सांगायचा, "पोरगा टेलिफोनात हाय!" ताण हा शब्द मला माहीत होता, नाही असं नाही. पण तो खांबावरच्या तारेला असायचा. माणसालाही असतो, हे तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

आता ऐका.

मे महिना. टळटळीत दुपार. आपल्याकडची मेमधली दुपार तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्यावर कुत्रं नाही, कावळासुद्धा चोच उघडी टाकून गप्प. बोर्डावर एक झडप हलत नव्हती. आणि माझ्या कानात कुणीतरी श्वास घेतला.

अगदी जवळ. जणू कानाला ओठ लावून.

वाटलं, कुणाचा फोन उचललेला राहिला असेल. "हॅलो? कोण बोलतंय?" म्हटलं आणि कान देऊन ऐकायला लागलो. श्वास बंद! कुणीच नाही. हुश्श करून मागं टेकलो, तर पुन्हा सुरू. हुं... हुं... हुं...

मी पुन्हा कान टवकारले. पुन्हा बंद!

म्हणजे बघा, मी ऐकतोय हे त्याला कळत होतं! मी लक्ष दिलं की तो दबा धरायचा. लक्ष काढलं की यायचा. बोर्डावरच्या सगळ्या कॉर्ड मी उपटून काढल्या. आता कुठली लाइन नाही, कुठलं गाव नाही, फक्त मी आणि भिंत. आणि तरीही कानात, हुं... हुं... हुं... आणि आता तो जलद चालला होता.

घामानं सदरा भिजला. भाषण आठवलं? नाही! एक शब्दसुद्धा नाही.

आमच्या लाइनीच्या दुसऱ्या टोकाला, दारव्ह्याच्या बोर्डावर, रहीमभाई म्हणून ऑपरेटर होते. आमची ओळख फक्त आवाजाची, चेहरा कधी बघितलेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना लाइन जोडली आणि हळूच विचारलं, "रहीमभाई, लाइनीवर तुम्हाला काही ऐकू येते का?"

ते म्हणाले, "हौ ना भाऊ! येऊन राह्यला. कोनी तरी श्वास घेऊन राह्यलं."

माझ्या अंगावर काटा आला.

"अन् भाऊ," रहीमभाईंचा आवाज खाली गेला, "आता जोरात घेऊन राह्यलं. पळत येऊन राह्यल्यावानी. या अल्ला! जवळ येऊन राह्यलं भाऊ!"

मी कॉर्ड अशी ओढली की बोर्डच अंगावर यायचा!

दारात किसन पोस्टमन उभा होता. त्यानं माझा चेहरा बघितला आणि त्याला सगळं कळलं. किसनला नेहमीच सगळं कळायचं. "बाबू, तुमाले मालूम नाही काय? या लाइनीवर सागाच्या जंगलात एक लाइनमन खांबावरून पडला व्हता. जीव गेला, पन श्वास तारेत अटकला म्हन्तेत."

"हट्! असं काही नसते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पटला नाही.

किसनच्या पोटात गोष्ट राहिली म्हणता? टपाल पोचायच्या आधी ती गावात पोचली! पहिले शेठजी फोन पंच्यात गुंडाळून बोलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी फोन स्वयंपाकघरातून व्हरांड्यात नेला. तहसीलचा बाबू मला विचारायचा, "आज कसा हाय तो?" जणू माझ्याकडं पाहुणा उतरलाय! आणि एका सकाळी बघतो तर बोर्डाच्या खिळ्याला लिंबू-मिरची लटकलेली. किसनचं काम.

काढून फेकायला हवी होती. मी बाजेवर उभा राहणारा माणूस! उठलोही. हात लावला. आणि काय केलं सांगू? दोरा सैल होता, तो घट्ट बांधला.

त्या पौर्णिमेच्या सभेला मी कळवलं, तब्येत बरी नाही.

शेवटी पहिल्या शेठजींनी साहेबांकडं रीतसर तक्रार केली: लाइनीवर भूत आहे, भाव सांगायचीही चोरी झाली. साहेब जेवणानंतर धापा टाकत माझ्या खोलीत आले, मागं किसन.

"आणा इकडं ते," साहेब म्हणाले. माझ्या गळ्यातला पट्टा काढून त्यांनी स्वतःच्या छातीवर भोंगा बांधला, डबी कानाला लावली, डोळे मिटले. खोलीत चिडीचूप. किसननं भिंतीचा आधार घेतला. मी लिंबाकडं बघत होतो.

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला.

"आहे," ते कुजबुजले. "आहे रे! खरंच आहे!" मग कपाळाला आठी. "पण गणवीर, ह्याला तर... ह्याला तर दमा आहे!"

किसन अगदी भोळेपणानं म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखाच?"

साहेबांनी डोळे उघडले. श्वास रोखला. गाल फुगले, मान लाल झाली. सोडला. पुन्हा रोखला, पुन्हा सोडला. मग पट्टा काढून माझ्या हातात दिला. "घाला. श्वास रोखा." रोखला. कानात शांत. "सोडा." सोडला. हुं...

अरे देवा! म्हणजे, देव नाही मानत आम्ही, पण त्या वेळी दुसरं काय म्हणणार? भूत सापडलं होतं, आणि त्याच्या अंगात माझाच सदरा होता! हनुवटीखालच्या भोंग्यातला माझाच श्वास डबीतून माझ्या कानात यायचा; ऐकायला श्वास रोखायचो म्हणून ते थांबायचं, घाबरायचो म्हणून ते पळायचं. आणि रहीमभाईंना ऐकू यायचा तोही माझाच, माझ्याच भोंग्यातून गेलेला!

किसन हसत हसत बाहेर पळाला. गावाला सांगायला, दुसरं काय. मला वाटलं जमीन फाटावी. पण साहेब हसले नाहीत. स्टूल ओढून समोर बसले.

"गणवीर, ही धाप कधीपासून लागते तुम्हाला?"

"धाप नाही साहेब. मी तर बसलेला असतो."

"म्हणूनच विचारतोय. माझं सगळं आयुष्य श्वासावर नजर ठेवण्यात गेलंय. तुमचा हा श्वास बसलेल्या माणसाचा नाही. कशामागं पळताय?"

आणि राजेहो, काय झालं कुणास ठाऊक, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं बाहेर पडलं. ती चूक, कायम होणं, वस्ती, बाप, न खाल्लेला डबा. "माझी नोकरी गेली तर ती माझ्या एकट्याची जाणार नाही साहेब. वस्तीतल्या पोरांना म्हणतील, बघा, तुमच्या माणसाला जमलं नाही."

साहेबांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाले, "ती चूक मी त्याच संध्याकाळी विसरलो होतो. आणि ते दोन शेठजी, तुमच्या कृपेनं, भांडायला का होईना पण बोलायला लागलेत." मग त्यांनी मला शिकवलं, स्वतःचा दमा वर आला की ते करायचे तेच. खांदे खाली सोडायचे. श्वास घ्यायची घाई नाही, सोडायचा मात्र सावकाश, फुंकर घालून चूल पेटवावी तसा. "चहा कमी. डबा बोर्डावर नाही, बाहेर निंबाखाली बसून खायचा; तेवढा वेळ मी बोर्डावर बसतो. आणि मनात जे येतं ते घरी बायकोला सांगायचं."

"सगळं?"

"भुताचंसुद्धा."

त्या संध्याकाळी सुमनला सांगितलं. ती हसली! पदर तोंडात कोंबून हसली, डोळे पुसून हसली. "भाषन देता तवा तं मोठा आवाज निंगते!" म्हणाली. मग जवळ सरकली. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "इतके दिवस एकटेच भेत राह्यले? मले काहून नाही सांगितलं?"

मग आम्ही रोज दिवेलागणीच्या आधी नदीपर्यंत चालत जायला लागलो. दिवसभराचं सगळं मी तिला सांगायचो, ती तिचं. झोप परत आली. पापणी उडायची थांबली. लिंबू मी स्वतः काढून फेकलं. झडप पडली तरी पोट जागच्या जागी!

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण मला कुठली अवदसा आठवली, एका दुपारी मी दारव्ह्याला लाइन जोडली. म्हटलं, बिचाऱ्या रहीमभाईंची भीती काढून टाकू.

"रहीमभाई, भूत-बित काही नाही बरं! तो माझाच श्वास होता. मी घाबरलो होतो, त्याचा."

"तुमचा तं मले आता मालूम हाय भाऊ," रहीमभाई म्हणाले. "तो मोठा, घाबरल्यावानी. तो मी वळखतो. अन् मंधात मंधात दुसरा येते, तो?"

"दुसरा?"

"हौ. तो सावकाश घेते. एकदम शांत. तुमी निंबाखाली जेवाले जाता ना, तवा बी येते."

आणि खर्रर्र आवाज होऊन लाइन तुटली.

तो साहेबांचा, म्हणाल तुम्ही! जेवणाच्या वेळी बोर्डावर साहेब बसायचे, त्यांचाच असेल. पण साहेबांचा श्वास सावकाश? शांत? तो तर शिट्ट्या मारायचा! रहीमभाई थट्टा करत असतील. असतीलच. विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

बाहेर तीच दुपार, कुत्रं नाही, कावळा नाही. छाती धडधडायला लागली. पण आता मी शिकलेला माणूस होतो ना? कॉर्ड काढली, खांदे खाली सोडले, डोळे मिटले. सावकाश... फुंकर घातल्यासारखा... सावकाश. आणि कानात श्वास आला. सावकाश, एकदम शांत.

आता मला सांगा, हा माझा की त्याचा?

त्या दिवसापासून दारव्ह्याची कॉर्ड लावण्याआधी मी ओठांतल्या ओठांत पंचशील म्हणायला लागलो. एकदा नाही, प्रत्येक कॉलला! एक दिवस साहेबांनी दारातून बघितलं. "काय हो गणवीर, काय पुटपुटताय?"

"काही नाही साहेब," मी म्हटलं, "तुम्ही शिकवलेला श्वासाचा व्यायाम!"