गिअरपेटीतलं तेल

ही वही कोणी उघडलीच, तर माझ्या वाकड्या अक्षराला आणि चुकांना क्षमा करावी. जळक्या तेलाचा वास आला की धडगावचा घाट आठवतो. हे, म्हणजे माझे यजमान, उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचे. निघण्याआधी पायाखालची फळी काढून मला म्हणाले, "मन्हं बोट जाड शे. गिअरपेटीमा तू बोट घालीसन दख, तेल लागस का?" भोवती उतारू पुरुष उभे. लाजून मी घाईने बोट घातलं, भोकाच्या कडेचंच ओशट लागलं आणि "लागस" म्हटलं. तेल ओतायचं राहिलं. घाटात पेटी जळाली. मालकाला हे म्हणाले, "मीच तेल दखं नही." तो खर्च फेडायला ते सुरतेच्या गिरणीत गेले आणि तिथेच तापाने वारले. उरलेले पैसे मी कापूस वेचून दिले. आज पूर्ण फिटले.