अक्कांचे बांधलेले हात

रेवा, नील, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, बरी आहेस ना?" आणि मी विषय बदलला. अक्का गेल्या, हे तोंडाने सांगता येईना. जाण्याआधी दवाखान्यात मी जे पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून लिहिते.

अक्का जन्मापासून बहिऱ्या. कुठल्याही लग्नात बिनबोलावता जायच्या. वरातीत फटाक्यांची माळ लागली की सगळे माळेकडे बघत, अक्का पोरांच्या घोळक्याकडे. बाकीची पोरं दचकायची, एखादं ढिम्म उभं राहायचं. त्याच्या आईबापाला त्या तिथेच गाठायच्या. खुणांच्या भाषेचा मेहरूणमधला वर्ग त्यांनी असाच भरवला. मी निवृत्त इंग्रजीची शिक्षिका. त्यांच्याकडूनच खुणा शिकले आणि कचेऱ्यांमध्ये बहिऱ्यांसाठी दुभाषी मागायला त्यांच्यासोबत जाऊ लागले.

भडगावला एका बहिऱ्या मुलीचे आजोबा, नाना, फिसकारले, "मुकीले शिकाडीसन काय करनं शे?" मुकीला शिकवून काय करायचंय, हे मी अक्कांना खुणांनी सांगितलं. अक्का हसल्या. "नानांना विचार, उद्या तुमचे कान गेले तर नातीशी कसे बोलणार?" नानांनी डोळे वटारले, पण वर्गाला जायची पोरीची पिशवी स्वतःच भरून दिली.

गेल्या महिन्यात अक्कांना न्यूमोनिया झाला. मी वॉर्डात पोचले तर त्यांचे दोन्ही हात खाटेच्या दांड्यांना पट्टीने बांधलेले.

"सलाईन ओढतात हो आजी. भ्रम झालाय त्यांना," नर्स म्हणाली.

मी ओरडलेच, "अगं, बोलतायत त्या! हातांनी बोलतात! सोड आधी!"

हात सुटले. सुई शिरेबाहेर गेली होती, डावा हात टम्म सुजला होता. तेच सांगायची त्यांची धडपड चालली होती.

नर्स रडकुंडीला आली. अक्कांनी मला खुणेने सांगितलं, "धुळ्याला असताना शाळेतही बांधायचे, खुणा केल्या म्हणून. मास्तर कधी रडले नाहीत. हिला जवळ बोलाव." आणि त्या सुजलेल्या हातानेच त्यांनी तिला 'दुखतं' ही खूण शिकवली. तिची चुकली, तर पुन्हा करायला लावली.

त्याच आठवड्यात अक्का गेल्या.

मेहरूणचा वर्ग सुरू आहे. त्या वॉर्डातल्या सगळ्या नर्सना आता 'दुखतं' ही खूण येते. दुसरी एकही येत नाही.